एडक्का, बलक्का आणि माझा वेग

मुलगी बघायला निघून स्वतःच्याच खोलीवर पोहोचलेला मी आमच्या घराण्यातला पहिलाच पुरुष!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून बेंगळुरूला नोकरीसाठी नुकताच आलो होतो. कन्नडचे दोनच शब्द येत होते : 'सरी' म्हणजे बरं आणि 'बेगा' म्हणजे लवकर. (हा आपल्या 'वेगा'चाच भाऊ, हे मी आत्याला ऐटीत समजावलं. ती या कार्यक्रमासाठी मुद्दाम पुण्याहून आली होती.) मुलगी बेंगळुरूतच वाढलेली, मराठी घरातली; कॉलेजात फिजिक्स शिकवायची. घर जयनगरातच, फोर्थ ब्लॉकला, माझ्या खोलीपासून जवळ.

आत्याच्या गजऱ्यापायी उशीर झाला. ऑटोत बसताच मी ओरडलो, "फोर्थ ब्लॉक! बेगा!"

ऑटो उधळली. पहिल्याच चौकात ड्रायव्हरने मागे पाहिलं. "एडक्का, बलक्का?"

आत्या भडकली. "येडी अक्का कुणाला म्हणतो रे हा?"

"अगं, बळकट अक्का पण म्हणाला ना! तब्येत विचारतोय," मी म्हणालो आणि त्याला सांगितलं, "सरी! बेगा!"

तो डावीकडे वळला. पुढच्या प्रत्येक चौकात पुन्हा अक्कांची चौकशी. पुन्हा माझं "सरी, बेगा!" पुन्हा डावीकडे! आत्याने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ऑटो करकचून थांबली तेव्हा समोर माझे घरमालक उभे.

"इतक्यात आलात? नकार दिला वाटतं!"

त्यांनीच उलगडा केला : एडक्का म्हणजे डावीकडे, बलक्का म्हणजे उजवीकडे. मग ड्रायव्हरला नीट रस्ता सांगून आमची पाठवणी केली.

तिथे गेल्यावर आत्याने सगळं सांगून टाकलं. मुलीचे वडील खोकले. मी उप्पिटात तोंड खुपसलं. मुलगी मात्र पुढे सरसावली.

"हौदा, खरंच? प्रत्येक चौकात डावीकडेच?" तिने बशीत शेंगदाण्यांचा चौकोन मांडला. "इथून निघालात आणि फिरून इथेच आलात?"

"हो."

"म्हणजे अंतर भरपूर, पण विस्थापन, म्हणजे जागेतला बदल, शून्य. सरासरी वेगही शून्य!" तिचे डोळे चमकत होते. "वेगाला दिशा लागते हो."

"मग… नकार समजू?" मी विचारलं.

"छे! वर्गात सांगायला इतकं सोपं उदाहरण कधी मिळालं नव्हतं."

लग्न झालं. दर वर्षी नव्या मुलांना ती याच उदाहरणावरून वेगाचा धडा शिकवते आणि नंतर बाजारात तिच्यासोबत दिसलो की ती मुलं मला लगेच ओळखतात!