मावशींचं दार आणि माझी उत्तर दिशा

कोर्टात दोन तारखांच्या मध्ये काय होतं असं कोणी विचारलं तर मी म्हणते, किस्से होतात. बनारसच्या कचहरीत मी जोगळेकरकाकांची ज्युनिअर. घरी ते काका, कोर्टात सर. माझ्या वाट्याचे किस्से ते घरी चहावर सांगतात, म्हणून म्हटलं, आपणच आधी सांगावेत.

*

पहिल्याच आठवड्यात पुकारा झाला आणि मी दचकून उभी राहिले. केस आमची नव्हतीच. जजसाहेबांनी विचारलं, "आप किसकी तरफ से?"

मी म्हटलं, "सर की तरफ से."

*

मग मालूमावशींचा दावा आला. बालाजी घाटाजवळ त्या यात्रेकरूंना जेवण देतात. गिऱ्हाईक सगळं नदीकडच्या दारानं येतं, आणि तेच दार घरमालक विटांनी बुजवायला निघाला होता. विटा येऊनही पडल्या होत्या. आम्ही दावा लावला, सोबत निकालापर्यंत दार बुजवू नये म्हणून मनाईचा अर्ज.

दावा मी लिहिला. नदीकडं तोंड करून नकाशा काढला, त्यामुळे नदी आली कागदाच्या वरच्या बाजूला. वर म्हणजे उत्तर, हे शाळेत शिकलेलं. लिहिलं, "उत्तरेकडील दार."

मावशींच्या उत्तरेला शेजाऱ्याची भिंत आहे. मालकाच्या वकिलांनी, मिश्राजींनी, लगेच अर्ज दिला की असं दारच नाही, दावा फेटाळा. वर मला म्हणाले, "बिटिया, गंगाजी उत्तर को बहती जरूर हैं, पर मौसी के उत्तर में कब आ गईं?"

*

मी रडकुंडीला आले. काका म्हणाले, "दाव्यात दुरुस्ती मागू."

"पण त्यांचा अर्ज आधीचा आहे ना?"

"असू दे. त्यांचा अर्ज जुन्या दाव्यावर आहे. दुरुस्ती मंजूर झाली की तो दावा उरतो कुठं? कोर्ट म्हणेल, आता नव्यावर बोला."

तसंच झालं. उत्तरेचं पूर्व झालं. मिश्राजी बोलायला उठले तर जजसाहेब म्हणाले, "वकील साहब, वह दरवाजा तो अब दावे में है ही नहीं." नवा अर्ज द्यायला वेळ मागून मिश्राजी बसले.

मी आनंदात सगळ्यांना लौंगलता ही इथली पाकातली मिठाई वाटली. मिश्राजींनी दोन खाल्ल्या.

*

पुढच्या तारखेला आमचा मनाईचा अर्ज निघाला. जजसाहेबांनी वाचला, चष्मा काढला. "दावा पूरब का, अर्जी उत्तर की. मैडम, रोकूँ किसे?"

दावा मी सुधारला होता. आपलाच अर्ज तसाच राहिला होता, जुन्या दाराला धरून. माझ्या हातातून फाईल पडली. काकांनी ती उचलली आणि जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ मागून घेतली.

बाहेर मावशी उभ्या. "झालं का गं?"

मी सांगितलं की दावा बदलला तर त्यावर टांगलेले अर्जही बदलावे लागतात, मी विसरले.

"म्हणजे कणीक नवी भिजवलीस आणि पोळी कालचीच वाढलीस?" म्हणाल्या. "जा आता. तिकडं गवंडी येऊन बसलाय."

*

सुट्टीत अर्ज सुधारून दिला. मिश्राजी दोन वाक्यं बोलले, तीही हसू दाबत. जजसाहेबांनी मनाई दिली आणि आदेश सांगायला सुरुवात केली.

मिश्राजी उठले. "हुजूर, कौन सा दरवाजा, साफ लिखवा दिया जाए."

"जिधर से सूरज निकलता है, उधर का." मग माझ्याकडं बघून, "ठीक है न, मैडम?"

सगळं कोर्ट माझ्याकडं बघायला लागलं.

मी म्हटलं, "जी, एक बार मौसी से पूछ लूँ?"