दुसऱ्या ओळीआधी

आमच्या चर्चमध्ये ऑर्गन चांगला आहे आणि वाजवणाराही बरा आहे, पण रविवारची उपासना काही ऑर्गनपासून सुरू होत नाही. आधी एक डीकन, म्हणजे मंडळीतला वडीलधारा सेवक, उठतो, हातात पुस्तक न घेता जुन्या गीताची एक ओळ म्हणतो, आणि मग सगळी मंडळी तीच ओळ ताणून, घोळवून गातात. मग पुढची ओळ. आमच्या पणज्यांना वाचता येत नव्हतं तेव्हापासून हे असंच चालत आलंय. याला आम्ही गीत उचलणं म्हणतो. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत, हे काम इतकी वर्षं डीकन ओझेल टिसडेल यांच्याकडे होतं, की ते दुसरं कुणी करू शकेल असं मनातही येत नसे.

एरवी डीकन म्हणजे अगदी साधा माणूस. गाद्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलं. बोलणं कमी, टोपी सरळ, बूट चकचकीत. घरात काही बिघडलं की दुरुस्तीला घेणार आणि आणखी बिघडवून ठेवणार. बायको अर्झेला त्यांच्यापेक्षा उंच आणि जिभेची तिखट. पण लग्नाला एवढी वर्षं होऊनही ती त्यांना 'मिस्टर टिसडेल' म्हणे आणि ते तिला 'मिसेस टिसडेल'. मी त्यांच्या शेजारी राहते. पुढच्या खोलीत माझं केस करायचं दुकान आहे. त्यामुळे गल्लीत जे घडतं ते मला कळतं, आणि जे घडलेलं नसतं तेही.

जुनेट होब्सन याच गल्लीतली पोरगी. लहानपणी चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी असायची. मोठी झाल्यावर क्लबांतून सोल, म्हणजे प्रेम-विरहाची, गाणी गायला लागली आणि रविवारी दिसेनाशी झाली. चर्चचा बाक आणि क्लबची खुर्ची यांत आमच्याकडे फार मोठं अंतर मानतात, जरी दोन्हीकडे बसणारी माणसं बरीचशी तीच असली तरी. तिने स्वतः गाणी लिहून एक अल्बम करायला घेतला, 'मागलं दार' नावाचा. आईचं घर आणि ते सोडून गेलेली माणसं, अशी सगळी गाणी. अल्बमच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यात तिला डीकनचा आवाज हवा होता. डीकन रविवारचा सूट चढवून स्टुडिओत गेले. आल्यावर मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाले, "पंखा छान होता तिथला."

अल्बम आला आणि असा गाजला की विचारू नका. न्यूयॉर्कचं एक साप्ताहिक म्हणालं, वर्षातला हाच. शिकागोच्या पेपराने अर्धं पान दिलं. गंमत म्हणजे जुनेटच्या गाण्यांइतकंच सगळे लिहीत होते ते सुरुवातीच्या तुकड्याबद्दल. माझ्या दुकानात ते साप्ताहिक हातोहात फिरून मऊ पडलं होतं. त्यात लिहिलं होतं: "एक अनामिक म्हातारा प्रार्थनेची एक ओळ म्हणतो आणि थांबतो. दुसऱ्या ओळीआधीच्या त्या शांततेत एका अख्ख्या समाजाने सोसलेलं सगळं साठलेलं आहे. इतक्या धैर्याने गप्प राहणारा गायक आम्ही ऐकलेला नाही."

मी दुकान बंद करून रेकॉर्ड लावली. डीकनचा आवाज आला:

दिवस माझा मावळला, प्रभो, हात दे.

आणि मग काहीच नाही. घशात काहीतरी घुटमळल्यासारखं, एक श्वास, आणि पुन्हा काहीच नाही. मग जुनेटने हळूच दुसरी ओळ म्हटली, आणि डीकन सुटल्यासारखे तिच्यामागून गेले.

मी ते गीत त्यांच्या तोंडून जन्मभर ऐकलंय. त्या जागी ते कधी थांबत नाहीत. डीकन ओळ विसरले होते.

मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. मागच्या महिन्यात ते माझी ॲपल-पायची डिश परत द्यायला दोनदा आले होते. दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने. अर्झेला हल्ली चर्चमध्ये अगदी पहिल्या बाकाच्या मागे, त्यांच्या पाठीशी बसायची. आणि डीकन गेले कित्येक रविवार तेच एक छोटं गीत उचलत होते, दोन कडव्यांचं. आम्हाला वाटलं होतं, त्यांचं आवडतं असेल.

शनिवारी माझं दुकान भरलेलं असतं. त्या शनिवारी अर्झेला माझ्या खुर्चीत होती, अर्धे केस सरळ झालेले, अर्धे उभे. ड्रायरखाली सिस्टर कॉब, आमच्या गायनाच्या प्रमुख. यांचे कान ड्रायरखालीही चालतात. त्यांनी ते साप्ताहिक मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "काय गं अर्झेला, तुझा नवरा तर थोर कलावंत निघाला. पण मला सांग, डीकन तिथे थांबले कशाला? मी तर त्यांना तिथे थांबताना कधी ऐकलं नाही."

"थकले असतील," मी म्हटलं.

"एका ओळीत?" सिस्टर कॉब म्हणाल्या. "मी म्हणते, ओळ तर नाही ना गेली डोक्यातून?"

गरम कंगवा माझ्या हातात होता. अर्झेलाची मान ताठ झाली ती माझ्या बोटांना जाणवली.

"गेली कसली?" अर्झेला म्हणाली. "जीभ अडकली त्यांची. अडकणारच. क्लबातल्या गाण्यांच्या पंक्तीला देवाचं गीत नेऊन बसवलं, वर सूट घालून. दुसरी ओळ यायच्या आत मनाने टोचलं असणार. माझा नवरा आहे म्हणून मी काही पांघरूण घालणार नाही. उद्या रेव्हरंडना सांगणार आहे मी."

सिस्टर कॉबना एवढा मोठा घास अपेक्षित नव्हता. "अगं, तसं काही मी…" असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि पुन्हा ड्रायरखाली गेल्या.

सगळ्या गेल्यावर मी अर्झेलाला म्हटलं, "शुद्धीवर आहेस का? नवऱ्याची तक्रार करायला निघालीस. शिक्षा म्हणून मागच्या बाकावर बसवतील त्यांना."

"बसवू देत."

"आणि ते विसरतात हे तुला माहीत आहे."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "हे बघ डेसी, पाप्याला माफी मागून परत पुढे येता येतं. विसरणाऱ्याला काय करतात? हाताला धरून नेतात आणि कोपऱ्यात बसवतात, वर गोड बोलतात. मिस्टर टिसडेलना कुणी हाताला धरलेलं मी बघू शकत नाही. तू कंगवा फिरव."

तेव्हा मला तिचा राग आला होता, आणि हेवाही वाटला होता. माझ्यासाठी कुणी इतकं खोटं बोललं नसतं.

आमच्याकडे एखाद्याकडून आगळीक झाली तर त्याला मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागावी लागते, आणि मग काही काळ सगळी कामं सोडून मागच्या बाकावर बसावं लागतं. डीकन उभे राहिले. टोपी हातात फिरवत म्हणाले, "माझ्या हातून जे काही झालं असेल, त्याबद्दल क्षमा करा." काय झालं ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण क्षमा त्यांनी मनापासून मागितली. मागच्या बाकावर ते पोरांच्या शेजारी बसले आणि खूष होते. पोरं त्यांना पेपरमिंट देत.

पुढे ब्रदर लिओटिस गीत उचलू लागले. भला माणूस, पण बसचे थांबे सांगितल्यासारखी ओळ सांगतो. मंडळींचा सूर पार बसला. इकडे रेडिओवर सकाळ-संध्याकाळ डीकनचा आवाज, वर्षातला श्रेष्ठ अल्बम म्हणून बक्षीस, आणि तिकडे ज्याचा आवाज तो माणूस मागच्या बाकावर.

जुनेट एके दिवशी तणतणत आली. आम्ही दोघी अर्झेलाच्या स्वयंपाकघरात होतो.

"मिस अर्झेला, हे काय चाललंय? सारा देश त्यांची तारीफ करतोय आणि तुम्ही त्यांना शिक्षा केलीत? मी रविवारी येऊन सांगते, चूक माझी आहे म्हणून."

"तू काहीही सांगायचं नाहीस," अर्झेला म्हणाली. "बस. ते ओळ विसरले हे तुला तिथेच कळलं होतं."

जुनेट बसली. "कळलं होतं."

"मग पुन्हा का नाही म्हणवून घेतलंस?"

"घेतलं ना. दुसऱ्या वेळी अख्खं गीत म्हटलं त्यांनी, बिनचूक. पण मला पहिलंच ठेवावंसं वाटलं. माझ्या गाण्यांत मी कितीतरी सजावट केलीय, मिस अर्झेला. ते एवढंच एक खरं होतं."

"खरं होतं, पण माझ्या घरातलं होतं," अर्झेला म्हणाली. "तू नेऊन चव्हाट्यावर मांडलंस, आणि आता लोक त्याला धैर्य म्हणतायत."

जुनेट रडली. अर्झेलाने तिला मक्याचा पाव आणि भाजी वाढली, कारण रागावली तरी कुणाला उपाशी पाठवण्यातली ती नव्हे. पण निघताना तिला मिठी मारली नाही.

उन्हाळा संपत आला तसा आमचे पाळक रेव्हरंड मॅकनील यांचा धीर सुटला. ऑगस्टमध्ये आमच्या चर्चचा मोठा दिवस असतो. शिकागो-डेट्रॉइटला गेलेली सगळी परत येतात, झाडांखाली टेबलं मांडून जेवण होतं. त्या दिवशी लिओटिसचे बसथांबे ऐकवायची त्यांची छाती नव्हती. आदल्या दिवशी ते अर्झेलाकडे आले.

"सिस्टर टिसडेल, आता त्यांना पुढे येऊ द्या."

"अजून पुरता पश्चात्ताप झालेला नाही त्यांना."

"अहो, त्यांनी दोनदा क्षमा मागितली. गेल्या रविवारी कुणी विचारलं नसताना तिसऱ्यांदा मागितली. आणखी किती पश्चात्ताप करवणार त्या माणसाकडून?"

अर्झेलाने उभं केलेलं पाप संपत आलं होतं. आता एकतर खरं सांगायचं, नाहीतर नवऱ्याला सगळ्या परगावच्या माणसांदेखत तिथे उभं करायचं, आणि काय होतं ते बघायचं. "उद्या सकाळी सांगते," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या ओसरीवर बसून शेंगा सोलत होतो. समोरच्या घरात परगावहून आलेल्या पाहुण्यांनी खिडक्या उघड्या टाकून रेकॉर्ड लावली. तीच. डीकनचा आवाज रस्ता ओलांडून आला. अर्झेलाचे हात थांबले.

डीकनने मान वर केली. "हा भाऊ कोण?"

मी शेंगांची टोपली जवळ ओढली.

"आवाज बरा आहे," ते म्हणाले. मग ती शांतता आली, सगळ्या पेपरांनी वाखाणलेली. डीकन पुढे झुकून ऐकत होते. "ओळ गेली त्याची," ते म्हणाले. "अरेरे. बाजूला कुणी नाही का? माणसाला असं उभं ठेवतात का? कुणीतरी ओळ द्यावी ना त्याला."

तेवढ्यात जुनेटचा आवाज आला.

"हां," डीकन म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले. "दिली पोरीने. गुणाची आहे."

अर्झेला उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. माझेही डोळे भरले, ते मी एप्रनने पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्झेलाने रेव्हरंडना 'बोलवा त्यांना' म्हणून सांगितलं. चर्च गच्च भरलं होतं. जुनेट आली होती, मागच्या दारापाशी. सोबत न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाचा तो लेखक, घामाने निथळणारा. रेव्हरंडनी डीकनना पुढे बोलावलं, मंडळींना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. डीकन आपल्या जुन्या जागी उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांनी गीत उचललं. पहिली ओळ आम्ही अशी गायली की खिडक्या थरथरल्या.

मग दुसऱ्या ओळीची वेळ आली आणि डीकन नुसतेच उभे. ओठ हलत होते. ब्रदर लिओटिस पुस्तक उघडून अर्धवट उठले. मी सिस्टर कॉबकडे पाहिलं. त्यांनी हाताने तोंड झाकलं होतं.

अर्झेलाला सूर नाही. सगळ्यांना माहीत आहे. ती चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. ती उभी राहिली आणि त्या भरल्या चर्चमध्ये, बेसूर, मोठ्याने म्हणाली:

"पुढली नदी खोल आहे, तूच साथ ये."

सगळ्यांना सगळं कळलं. मग सिस्टर कॉबनीच ती ओळ धरली, आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे. तिसरी ओळ डीकनना आठवली. चौथी पुन्हा अर्झेलाने दिली.

त्या लेखकाने पुढे लिहिलं, की या चर्चमध्ये गीत नवरा-बायको मिळून उचलतात, आणि ही प्रथा गुलामीच्या काळापासून चालत आली असावी. आम्ही कुणी त्याला काही कळवलं नाही.

बाहेर झाडांखाली तळलेला मासा निघत होता. पायरीवर डीकन थांबले. चेहऱ्यावर नाराजी होती. "मिसेस टिसडेल, तू मध्येच काय बोललीस? मी थांबलो होतो."

अर्झेलाने त्यांचा टाय सरळ केला. "चुकलं माझं, मिस्टर टिसडेल. घाई झाली मला."

"पुढल्या वेळी जरा दम धर."

"धरते," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत त्यांचा हात धरून त्यांना जेवणाच्या टेबलाकडे घेऊन गेली.