दवण्याच्या कुळातली दारू

स्वित्झर्लंडला शिकणाऱ्या माझ्या लेकीने सुट्टीला येताना चॉकलेटांखाली लपवून एक बाटली आणली. अ‍ॅबसिंथ. "आई, जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंस ना, मग ही तुझ्या विषयातली दारू," म्हणाली आणि आठवड्याने परत गेली. बाटली माझ्या कपाटात, साड्यांमागे.

लपवायचं कारण माझी आई. सोलापुरातल्या घरात आम्ही दोघीच. मी सहा वर्षांची असताना माझे वडील दारूपायी गेले. तेव्हापासून घरात दारूचा विषय नाही आणि वडिलांचाही नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आई आधी हुंगून बघते. कॉलेजात दोन पिढ्यांना दटावलेली मी, साठी उलटली तरी तिच्यापुढे चळाचळा कापते.

पण उत्सुकता गप्प बसू देईना. मी वाचत सुटले. या दारूतली मुख्य वनस्पती दवण्याच्याच कुळातली निघाली. चैत्रात आपण देवाला वाहतो तो दवणा! सोबत बडीशेप. म्हणे तिकडे आधी पोटाचं औषध म्हणून घेत, मग माणसाला वेड लावते म्हणून ती बदनाम झाली, बंदीही आली. खरा दोष बहुतेक तिच्यातल्या कडक अल्कोहोलचा. बिचाऱ्या झुडपावर फुकटचा आळ. आणि ती नुसती ढोसायची नसते. पेल्यावर भोकांचा चमचा, त्यावर साखर, वरून गार पाणी थेंबथेंब सोडायचं.

थेंबथेंब म्हटल्यावर मला एकच भांडं सुचलं. माळ्यावरचं जुनं अभिषेकपात्र, पिंडीवर धार धरायचं, बुडाला बारीक भोक असलेलं. नवं आणल्यापासून ते पडूनच होतं. एका दुपारी आई भजनाला गेल्यावर मी ते गार पाण्याने भरून तिवईवर टांगलं, खाली पेल्यात थोडी अ‍ॅबसिंथ, पेल्यावर चहाची गाळणी, गाळणीत खडीसाखर.

थेंब पडू लागले. हिरवा, नितळ द्रव हळूहळू दुधाळ होत गेला. दारूत विरघळलेली तेलं पाणी मिसळलं की बाहेर पडतात, हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण इथे नुसती आ वासून बघत बसले. दार उघडल्याचंही कळलं नाही. भजनातल्या पेटीवाल्या बाई आल्या नव्हत्या, म्हणून आई लवकर परतली होती.

"देवाचं भांडं हितं कशाला टांगलंस गं?"

थाप मारायला जीभ वळेना. "आई, दारू आहे," मी सांगून टाकलं.

ती वाकली आणि तिने पेला हुंगला.

"दवना हाय की ह्यो!"

"त्याचाच भाऊबंद."

ती समोरच्या खुर्चीत बसली. भांडं उचल म्हणाली नाही, बाटली फेक म्हणाली नाही. थेंब बघत राहिली.

"किती येळ लागंल?"

"खडीसाखर विरघळेपर्यंत."

"तवर पीत न्हाईत?"

"नाही. बसून राहायचं."

खडीसाखर संपायच्या आतच माझा धीर सुटला. मी घोट घेतला. आधी बडीशेप, मग जिभेच्या मागच्या टोकाला कडूपणा, आणि नाकात चैत्रातलं देवघर. आवडली मला, खोटं कशाला सांगू.

आई पेल्याकडेच बघत होती.

"तुजं बाबा उब्यानंच प्यायचे," ती म्हणाली. "गुत्त्यावर, घाईघाईनं. मला वास खपत न्हवता, म्हनून घरात घिऊ दिलं न्हाई. दार लावून घ्यायची मी. येकदा तरी म्हनायला पायजे हुतं, हितं बसा, बसून प्या."

मला रडू फुटलं. एवढं कुतूहल माझं, पाना-मुळांची नावं तोंडपाठ, आणि माझा बाप कसा होता हे मी पंचावन्न वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी पेला बाजूला सारला.

"आई, कसे होते गं ते?"

तिने खुर्चीच्या हातांवर हात टेकले. मला वाटलं, आता उठून जाणार.

"लई हसवायचे," ती म्हणाली.