सोनारीचे अकरा मिस्ड कॉल

मला फोनचं वेड आहे. धाराशिवकडच्या वाशीच्या शाळेत गणित शिकवते, पन्नाशी जवळ आली, तरी नवा फोन बाजारात आला की त्यात प्रोसेसर कुठला, बॅटरी किती तासांची, कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझ्यासारख्यांचा एक ग्रुप आहे. धाराशिव, वाशी, भूम, परंडा या भागातले तीसेक जण. एक औषधांचे दुकानदार, एक एस.टी. डेपोतला मेकॅनिक, कॉलेजातले दोन प्राध्यापक, एक वकील, असे. बाई मी एकटीच. ग्रुपवर रोज लिहिणं चालतं आणि महिन्यातल्या एका रविवारी धाराशिवला बस स्टँडजवळच्या हॉटेलात बसणं होतं. चहा गार होईपर्यंत दोन फोनांच्या पडद्यांची तुलना करणारी माणसं आहेत ती.

त्यात माझं खातं नेटवर्कचं. मी कुठंही निघाले की प्रत्येक थांब्यावर स्पीड टेस्ट लावायची, आकडा टिपायचा आणि ग्रुपवर टाकायचा. वाशी ते भूम, भूम ते परंडा हा रस्ता मला खड्ड्यांपेक्षा आकड्यांनी जास्त ओळखीचा होता. आकडे टाकले की लोक अंगठे दाखवायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

एके दिवशी ग्रुपवर कधी काही न लिहिणाऱ्या एका सदस्याचा आवाजी निरोप आला. आवाज वयस्कर, शब्द मात्र स्वच्छ तोडलेले.

"नमस्कार. मी सोनारीहून बोलतोय. बाई, तुमचे आकडे मी रोज ऐकतो. एक विचारू का? हा वेग झाला सिनेमा उतरवून घ्यायचा. पण त्याच जागी उभं राहून कुणाशी बोललं, तर समोरच्याचं वाक्य पुरं ऐकू येतं का? तुमच्या हिशोबानं आमच्या सोनारीत वेग लई आहे. पण मी अंगणात बोलायला लागलो की निम्मे शब्द गळतात."

मेकॅनिकनं लगेच हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजी चेहऱ्यांची रांग टाकली आणि खाली लिहिलं, "काका, फोन बदला." आणखी दोघं हसले. मी हसले नाही. बोलणं कसं ऐकू येतं हे मी इतक्या दिवसांत एकदाही मोजलं नव्हतं. जे ॲप मोजून देतं तेच मोजण्यासारखं आहे, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ग्रुपबाहेर वेगळा निरोप पाठवला आणि मग आमचं बोलणं सुरू झालं. काका जन्मापासून अंध. धाराशिवला एका सरकारी कार्यालयात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर सोनारीला धाकट्या भावाच्या घरी राहायला आले. ग्रुपवर आम्ही जे लिहितो ते त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवायचा.

सोनारीचा काळभैरव आमचं कुलदैवत. सुट्टी लागून आली तेव्हा दर्शनाला गेले. तिथली माकडं हातातलं काहीही ओढून नेतात, म्हणून फोन पर्समध्ये ठेवला आणि टेस्टबिस्ट न लावता दर्शन घेतलं. मग विचारत विचारत काकांच्या घरी पोचले. ते ओसरीवर बसले होते. फोन कानाशी धरलेला, पडदा पूर्ण काळा. फोनमधून काहीतरी भराभरा येत होतं, मका फुटत असल्यासारखं.

"हे काय चाललंय काका?"

"बातम्या ऐकतोय."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत, दुसऱ्या कुठल्या? तुमच्या कानाला सवय न्हाय. थांबा." त्यांनी पडद्यावर दोन बोटं फिरवली तसा आवाज सावकाश झाला, आणि खरंच ते मराठी होतं. पडदा बंद असल्यामुळं त्यांची बॅटरी माझ्यापेक्षा जास्त टिकते, हेही त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं बॅटरीवर वाद घातलेली मी, हे कधी सुचलं नव्हतं.

"तुमचा ग्रुप कसा ऐकू येतो ते ऐका," म्हणून त्यांनी जुने निरोप लावले. माझे आकडे आले. मग त्यांचा तो प्रश्न आला आणि त्यामागून फोननं संथ, गंभीर आवाजात वाचलं, "हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा." असं सात वेळा. काका शांतपणे सातही ऐकत राहिले. मला कुठं बघावं कळेना.

निघताना ते म्हणाले, "बाई, फोन हल्ली अडखळतो. तुम्ही जाणकार आहात, जरा बघता का?"

माझ्या आवडीचं काम. जागा भरली होती. मी नको असलेली ॲप काढली, साठलेला कचरा पुसला. आवाजासाठीची दोन ॲप दिसली. एक पुरे की, म्हणून दुसरंही काढून टाकलं. फोन वाचत होता, छान पळायलाही लागला. भावजयीनं केलेला चहा घेतला आणि परंड्याची गाडी धरली. बसमध्येच ग्रुपवर लिहिलं की जुना फोन अर्ध्या तासात नवा कसा करावा.

त्यानंतर काकांचा एकही निरोप आला नाही. मला वाटलं, असतील कामात.

त्याच आठवड्यात मी माझ्या फोनमधल्या एका सोयीवर लिहीत होते. नंबर ओळखीचा नसेल तर फोन वाजायचाच नाही, गुपचूप यादीत जाऊन बसायचा. तासाला मुलांपुढे उभी असताना कुणी कर्ज घ्या म्हणत नाही, याचं मला फार सुख होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर, या सोयीनं किती नको ते फोन अडवले हे ग्रुपला दाखवावं म्हणून मी ती यादी उघडली. एकच नंबर पुन्हा पुन्हा. मोजले. अकरा. पहिला मंगळवारचा, शेवटचा त्याच सकाळचा.

मी लावला. तो काकांच्या भावजयीचा नंबर होता, त्यांनीच उचलला.

"बाई व्हय? आवो, आमच्या भाऊजींचा फोन मुका झालाय. तुम्ही गेलात त्याच सांजेला बंद करून चालू केला, तवापासून बोलतच न्हाय. आमी बघावं म्हनलं, तर बोटानं दाबलं की नुसती चौकट येती, उघडत कायबी न्हाय."

मला सगळं लख्ख कळलं. राहिलेलं ॲप पडद्यावरचं वाचायचं, पण त्याला आवाज द्यायचं ते मी काढलेलं दुसरं ॲप; फोन बंद करेपर्यंत जुना आवाज चालला, मग गेला. आणि अंधांसाठीची सोय चालू असलेल्या फोनवर एकदा दाबलं की नुसती वस्तू निवडली जाते, उघडायला लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. डोळस घरच्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणजे तो फोन आता ना काकांच्या कामाचा, ना घरच्यांच्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपची बैठक होती. ती सोडून मी पहिल्या गाडीनं निघाले.

काका ओसरीवर त्याच जागी होते. फोन शेजारी उताणा पडलेला. मी आधी काम केलं. आवाजाचं ॲप पुन्हा घातलं, मराठी निवडलं, फोन बंद करून चालू केला. सगळं मिळून दहा मिनिटं. फोननं वेळ सांगितली, "दहा वाजून चाळीस मिनिटं," आणि काकांनी मान हलवली.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"व्हय, चुकलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण सोडून देण्याचाही नव्हता. "हे काय आहे, एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी तुमच्या समोरच बसलो होतो. पाच दिवस किती वाजले हे सुद्धा भावजयीला विचारलं."

वर्गात एखाद्या मुलाची वही न विचारता ओढून उत्तर खोडणारे शिक्षक मला आवडत नाहीत. मी तेच केलं होतं.

मग तेच म्हणाले, "भावजयीच्या फोनवरून लावत होतो. तुमचा नंबर मला पाठ आहे, त्यामुळं चुकीचा लागला असेल असं वाटलं न्हाय. उचलत न्हाईत म्हणजे बाईंना बरं न्हाय की काय, अशी शंका आली. म्हणून मग रोज लावत राहिलो."

मी त्यांना त्या सोयीबद्दल सांगितलं. अनोळखी नंबर वाजतच नाही हे ऐकून त्यांना नवल वाटलं. "आमच्या बोर्डावर तर सगळेच अनोळखी असायचे," ते म्हणाले. "आधी उचलायचं, मग कोण म्हणून विचारायचं. दुसरी रीतच नव्हती."

परतताना झालं ते सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काय काढलं, पाच दिवस काय झालं, अकरा फोन कसे अडले. सगळ्यांत आधी वकिलांनी लिहिलं, "माझ्या वडिलांची दृष्टी चालली आहे. काकांचा नंबर मिळेल का?"

पुढच्या बैठकीला आम्ही काकांनाच बोलावलं. परंड्याच्या गाडीनं आले. उतरवून घ्यायला मेकॅनिक स्वतः गेला होता. वाटेत तो त्यांना म्हणाला, "काका, त्या दिवशी मी हसलो होतो."

"माहीत आहे. फोन नावानिशी सांगतो," काका म्हणाले.

त्या दिवशी हॉटेलात सगळ्यांनी वाचून दाखवणारी सोय चालू करून, पडदे काळे ठेवून एक फोन लावून दाखवायचा होता. प्राध्यापकांच्या सगळ्यात भारी फोनवर प्राध्यापकांनाच ते जमेना. काका एकेक फोन हातात घेऊन कडेची बटणं चाचपायचे, स्पीकर कुठं झाकला जातो ते बघायचे, आणि असे दोष सांगायचे जे आम्हाला कधी दिसले नव्हते. मग त्यांनी आणि मी एक नवी मोजणी ठरवली. मी थांब्यावरून फोन लावायचा, त्यांनी सोनारीतून दहा अंक सांगायचे, मी ऐकू येतील तसे लिहून परत वाचायचे. भरघोस वेग असलेल्या कितीतरी जागी दोन-तीन अंक गळाले. ती यादी आता ग्रुपवर आकड्यांच्या शेजारी असते.

स्पीड टेस्ट मी अजून लावते. मोठा आकडा आला की अजून आनंद होतो. अनोळखी नंबरांची ती सोय बंद केली होती. पण कर्जवाल्यांनी इतकं पिडलं की आता ती शाळेच्या वेळेत चालू ठेवते, आणि सुटल्यावर आठवणीनं यादी बघते.

वकिलांच्या वडिलांना काका रोज सकाळी फोनवरूनच शिकवतात. सुरुवातीला ते म्हातारे तिसऱ्याच दिवशी फोन आपटून उठले होते. परवा वकील सांगत होते, हल्ली वडील आवाजाचा वेग वाढवून मागतात, आणि घरातलं कुणी मध्येच बोललं तर हात वर करून थांबवतात.