चौदा नंबरचा गोल

"हां, लिहा मग," मावशी म्हणाली. "हाडांचे डॉक्टर माझ्यावाचून अडतात. मी वाफेच्या मशिनवाचून अडते. मशीन पाणीवाल्यावाचून अडतं. पाणीवाला कुणावाचून अडत नाही, तो नुसता बिड्या ओढत बसतो."

"आणि इन्चार्जबाई?"

"त्या कशाला अडतील? त्यांची सही असते. सहीवाल्याचं अडत नसतं बाई, त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं. काढा, काढा बाण."

बाणवालीनं बाण काढला. ही विद्यापीठातून आलेली बाई, चष्म्याला दोरी, मांडीवर वही. पंधरा दिवस हॉस्पिटलभर फिरून ती माणसांचे गोल काढत होती आणि एका गोलाकडून दुसऱ्याकडे बाण. म्हणून तिचं नाव पडलं बाणवाली. नाव ठेवलं मावशीनं. हॉस्पिटलातली निम्मी नावं मावशीनंच ठेवलेली.

मावशीची खोली तळघरात. दोन वाफेची मशिनं, एक लांब पत्र्याचं टेबल आणि छताला टेकलेली खिडकी. त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. कोण आलं, कोण गेलं, कोण उशिरा आलं, हे मावशी बुटांवरून सांगायची. ऑपरेशनची हत्यारं रक्तानं माखून तिच्याकडे उतरायची. ती घासायची, पुसायची, ओळीनं मांडायची, दुहेरी कापडात गुंडाळून बोचकं बांधायची आणि वाफेत घालायची. बोचक्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या पडतात. मग चिठ्ठी लावायची: आत काय, तारीख काय आणि खाली इन्चार्जची सही. सही नसली तर बोचकं ऑपरेशनच्या खोलीची लाल रेघ ओलांडू शकत नाही, मग आतला माणूस मरायला का टेकलेला असेना.

सव्वीस वर्षं हे काम. त्यात मावशीनं आपली म्हणून एक रीत बसवली होती. ज्या डॉक्टरला जे हत्यार आधी लागतं ते वर, आणि प्रत्येकाच्या बोचक्याला वेगळी गाठ. हाडांच्या डॉक्टरांची दुहेरी, कारण बोचकं जड. बाळंतपणाच्या बोचक्याला एका हिसक्यात सुटणारी, कारण तिथं पोर कुणाची वाट बघत थांबत नाही. घाईत चिठ्ठी कोण वाचतो? आतली नर्स गाठीला हात लावायची आणि म्हणायची, हेच.

"मावशी, एक सांगा," बाणवाली म्हणाली होती, "मी कॉम्प्युटरमध्ये एक खोटं हॉस्पिटल उभं करणार आहे. त्यात प्रत्येकाचा एक एजंट."

"विमा विकणारा?"

"नाही हो. एजंट म्हणजे ज्याला काहीतरी हवं असतं, काहीतरी करता येतं, आणि जे करता येत नाही त्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, असा कुणीही."

"मग माणूस म्हणा की सरळ! अडला हरी गाढवाचे पाय धरी, एवढंच ना? त्याला कॉम्प्युटर कशाला?"

बाणवाली हसली. तिनं दोन पेन्सिली दाखवल्या. काळा बाण म्हणजे कोण कुणावाचून अडतं. लाल बाण म्हणजे अधिकार. काम एकानं केलं, तरी ते झालं असं कुणाच्या म्हणण्यावरून धरायचं, ते लाल बाण सांगतो.

"म्हणजे राबायचं सुनेनं आणि चव सासूच्या हाताची," मावशी म्हणाली. बाणवालीनं ते वहीत उतरवून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे मावशीनं उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिथंच ती फसली.

तिच्या मनात एक गोष्ट होती. तळघराच्या इन्चार्जबाई चार महिन्यांत बढतीवर वरच्या मजल्यावर जाणार होत्या, खुर्ची रिकामी होणार होती. ती खुर्ची मावशीला हवी होती. पगारासाठी म्हणाल, तर तिनं तो कधी विचारलाही नव्हता. तिला हवी होती चिठ्ठीवरची खालची जागा. आपण बांधलेल्या बोचक्यावर आपली सही. त्यासाठी अकरा वर्षांपूर्वी तिनं सर्टिफिकेटची परीक्षासुद्धा दिली होती, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पोरीसोरींच्या रांगेत बसून. पास झाली. दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा एकच शब्द परत आला: विचाराधीन. नोकरीची आता तीन वर्षं उरली होती.

घरी ती जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर सही गिरवायची. पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी खाली एक रेघ. नवरा पूर्वी ट्रक चालवायचा, आता कंबरेला पट्टा बांधून खाटेवर असतो. तो बघायचा.

"रेघ कशाला गं?"

"उभं राहायला जागा नको?"

"जागा मिळू दे आधी. मग रेघ ओढ."

तर एक दिवस बाणवालीनं वही चाळत विचारलं, "ऑपरेशनं आठला सुरू होतात, इन्चार्जबाई दहाला येतात. मग आठच्या बोचक्यांवर सही कोण करतं?"

दुसरी कुणी असती तर पाणी उकळलं का बघायला उठली असती. मावशीनं टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला. आत कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, प्रत्येकीखाली इन्चार्जबाईंची सही. दर सोमवारी बाई चहा पिता पिता आठवड्याभराच्या सह्या करून ठेवायच्या. पट्टी बघायची मावशीनं, जबाबदारी घ्यायची मावशीनं, सही आधीच वाळलेली. सगळ्या हॉस्पिटलाला हे ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हे लिहू?" बाणवालीनं विचारलं.

"लिहा की. काम कोण करतं ते कळू दे एकदा वर."

रात्री जेवताना तिनं हे नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"विंचवाच्या बिळात बोट घातलंस."

"खोटं थोडंच सांगितलं? खरं तेच सांगितलं."

"खरं असतं म्हणून तर डब्यात ठेवतात, येडे."

दोन दिवसांनी बाणवाली तळघराचा जिना धावतच उतरली. "मावशी, काल तुम्हाला काढून बघितलं!"

"कुठून?"

"कॉम्प्युटरमधून. चौदा नंबरचा गोल पुसला. साडेदहाला ऑपरेशनं बंद पडली."

मावशीनं हातातला चिमटा खाली ठेवला. "आणि इन्चार्जबाईंना काढून?"

"सात दिवस काहीच झालं नाही. आठव्या दिवशी सगळं ठप्प."

"डबा संपला!" मावशी टेबलाला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाणवालीनं तिला तिचा गोल दाखवला. अकरा काळे बाण आत येणारे. इतके बाण मोठ्या साहेबांच्या गोलातही नव्हते. लाल मात्र एकही बाहेर जाणारा नव्हता. "हे साहेबांना दाखवणार ना?" मावशीनं दोनदा विचारलं. तिला वाटलं, अर्ज आता आपोआप पुढं सरकेल. आंधळ्यालासुद्धा दिसेल, की अकरा माणसं जिच्यावाचून अडतात तिला एक सही द्यायला हरकत नाही.

मीटिंगला तिला बोलावलं. ती इस्त्रीचे कपडे घालून दाराजवळच्या खुर्चीत बसली. भिंतीवर गोल आणि बाण, कोळ्यानं जाळं विणावं तसे. मधोमध चौदा.

"हा चौदा नंबर कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब." मावशी उभी राहिली.

"म्हणजे ही एक बाई उद्या आली नाही तर माझं हॉस्पिटल बंद?"

"सव्वीस वर्षांत नऊ रजा, साहेब," मावशी अभिमानानं म्हणाली.

साहेब तिच्याशी बोलत नव्हते, भिंतीशी बोलत होते. "हे धोक्याचं आहे," ते म्हणाले. "एका माणसावर इतकं अवलंबून राहणं. हे मोडलं पाहिजे."

मोडायचं ते आपण, हे कळायला मावशीला जरा वेळ लागला. तोवर पुढचं चित्र आलं होतं. तिनं खोलीभर नजर फिरवली. ज्यांच्या गोलांतून ते अकरा बाण निघाले होते, त्यांतले सात जण तिथंच बसले होते. हाडांचे डॉक्टर चहाच्या कपात असे बघत होते, जसं काही त्यात कुणाचं हाड पडलंय. जेवायच्या वेळी सगळे ओळखीचे, उष्टी काढायच्या वेळी कोण कुणाचं?

आठवड्यानं परिपत्रक निघालं. बोचकी बांधायचं काम तीन माणसांत वाटलं. गाठी बंद, सगळ्यांना एकसारखी चिकटपट्टी. चौकशीचं कलम वेगळं होतं: 'सही केलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या अनधिकृत व्यक्तीच्या ताब्यात आढळल्या.' सही केली कुणी, यावर अवाक्षर नाही. चौकशी पुरी होईपर्यंत ती व्यक्ती धुलाई विभागात. तिचा अर्जही त्याच पाकिटात परत आला. विचाराधीन खोडून वर नवा शब्द लिहिला होता: अपात्र. शब्दाखाली सही होती, आणि सहीखाली रेघ.

इन्चार्जबाई सुधारणा समितीच्या अध्यक्ष झाल्या. वर जायच्या आधी एकदा त्या खाली आल्या.

"मावशी, तुला गरज काय होती गं बोलायची?"

"बाई, सह्या तुमच्या होत्या."

"सह्या माझ्या होत्या. डबा तुझा होता." आवाजात राग नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाल्या आणि वर गेल्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे शाळेत पाठ केलं होतं. धावून धावून ससा धरला कुणी, हे त्या म्हणीत कुणी विचारत नाही.

बाणवालीही आली. चष्मा काढून पुसत राहिली. "मी फक्त कोण कुणावर अवलंबून आहे ते दाखवलं, मावशी. तुम्हाला हलवा असं एका ओळीतही लिहिलेलं नाही."

"ठाऊक आहे. तुमचं चित्र खरंच होतं."

"मग?"

"तुमच्या चित्राचं पुढं काय करायचं, ते ठरवायचा लाल बाण कुणाच्या गोलातून निघतो, ते बघितलं होतं?" मावशी चादरीचं टोक जुळवत म्हणाली. "आणि त्या जाळ्यात तुमचा गोल कुठं होता बाई? मी शोधला. दिसला नाही."

बाणवालीनं वही उघडली, परत मिटली, आणि निघून गेली. तिचा प्रबंध पुरा झाला असं कानावर आलं. सासूसुनेचं वाक्य त्यात आहे, म्हणे. खाली नाव नाही. एक महिला कर्मचारी, एवढंच.

धुलाईची खोली मागच्या अंगाला. तिथं खिडकी माणसाच्या उंचीवर आहे, सगळ्यांची तोंडं दिसतात. मावशी म्हणते, बूटच बरे होते.

महिना झाला असेल. सकाळी साडेनऊला हाडांचे डॉक्टर हिरव्या झग्यातच दारात येऊन उभे. कपाळावर घाम.

"मावशी, म्हातारी टेबलावर आहे. खुबा. तिघांनी तीन ट्रे लावलेत, एकाचा एकाला मेळ नाही. चला जरा वर."

"मला लाल रेघेच्या आत मनाई आहे. सहीचा कागद आणा, येते."

"माझ्या सहीनं होत नाही ते."

"मग तुम्हीसुद्धा चौदा नंबरच झालात की, डॉक्टर."

डॉक्टर ओशाळले. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"चहा गरम असेल तेव्हा," मावशी म्हणाली.

ते हलले नाहीत. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या म्हातारीकडे बघितलं म्हणा, न बघताच. तिनं हातातली चादर टेबलावर टाकली.

"लिहून घ्या. सगळ्यात वर सुरी आणि रुंद पकडी, मग हाड उचलायचे दोन दांडे. करवत उजवीकडं, तुमचा हात आधी तिथंच जातो. हातोडी तळाला, कापडात गुंडाळून, नाहीतर बाकीच्यांना बोथट करते. आणि तो लहान चिमटा तुम्ही दर वेळी मागता आणि वापरत नाही, तो ठेवू नका."

डॉक्टरांनी खिशातल्या एका चिठ्ठीच्या पाठीवर भराभरा लिहिलं. बोचक्याचीच चिठ्ठी, कोरी.

"खाली सही कुणाची?" मावशीनं विचारलं.

डॉक्टरांचं पेन चिठ्ठीवर तसंच थांबलं.

"जा, जा. म्हातारी थंड पडेल."

ते जिन्याकडे पळाले. बूट वाजत वर गेले. डाव्या पायाची टाच घासते, अजून दुरुस्त केली नाही. मावशीनं चादर उचलली, झटकली, टोकाला टोक लावलं. चारशे चादरी व्हायच्या होत्या, आणि त्या न्यायच्या दुपारच्या गाडीला अजून तीन तास होते.