चार नंबर बेडची ओव्हर

दुपारी एक चाळीसला सर्जनचा फोन आला होता. चार नंबरच्या पेशंटचं उद्याचं ऑपरेशन आजच संध्याकाळी साडेसहाला करतो, आता त्याला पाण्याचा घोटही देऊ नका, असं त्यांनी मला सांगितलं. मी "हो सर" म्हणालो. फोनच्या वहीत लिहिलं, वेळ टाकली, सही केली. आणि दोन वाजता माझ्या जागी ड्युटीवर आलेल्या सिस्टरला त्यातला एक शब्दही सांगितला नाही. मी विसरलो नव्हतो. त्या बाईला पाडायचं मी ठरवलं होतं, आणि कसं पाडायचं हेही मला माहीत होतं.

नर्सिंगमध्ये ड्युटी बदलताना जाणारा येणाऱ्याला एकेका बेडपाशी नेतो. याला काय झालंय, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाला उपाशी ठेवायचं, सगळं तोंडी सांगतो. त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. वह्या असतात, पण त्या उघडतात काहीतरी बिघडल्यावर. वॉर्ड चालतो ओव्हरवर.

हे शिकलो तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. त्याआधी बारा वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ चालवली. कारखाना बंद पडला. दोन वर्षं मिळेल ते काम केलं आणि बहुतेक वेळ बुवापाड्यातल्या घराच्या उंबऱ्यावर बसून काढला. बायको उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणायची आणि घरी बसून त्यांचे धागे कापायची. आमच्या गल्लीतल्या एक बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्याच एकदा म्हणाल्या, "नुसते बसलाय कशाला? नर्सिंगला पुरुष पण घेतात आता. वय निघून जायच्या आत फॉर्म भरा." मी हसलो. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स काढून आणली.

वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. त्या मला अंकल म्हणायच्या. पहिल्या वर्षी शपथेचा कार्यक्रम झाला. मॅडमनी एकेका मुलीच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली. माझ्या डोक्यावर काय घालायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. मग मला मेणबत्ती जरा मोठी दिली. बाळंतपणाच्या वॉर्डात मला दाराबाहेर स्टूल मिळालं. पण हात मशिनवर तयार झालेला होता. चादरीचा कोपरा मी असा घडी घालायचो की मॅडम मुलींना बोलावून दाखवायच्या. शीर सापडत नसली की मलाच हाक मारायच्या. धाकटा मेव्हणा मात्र घरी आला की विचारायचा, "दाजी, आज किती बेडपॅन?" मी म्हणायचो, पास होऊ दे, मग बघ.

पास झालो. नोकरी लागली उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका खासगी हॉस्पिटलात. खाली जीन्सचं दुकान, वर बारा बेड. पहिल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून जिना चढलो. तिथली इनचार्ज सिस्टर बदलापूरहून यायची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिनं मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं मामा आलात. तीन नंबरला पॉट द्या."

हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. नर्सला सिस्टर. पुरुष नर्सला ब्रदर. या एका शब्दासाठी मी जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा, साडेतीन वर्षांचा कोर्स पोरींमध्ये बसून घोकला होता. मी म्हणालो, "सिस्टर, मी स्टाफ आहे. जीएनएम." ती म्हणाली, "हो का? मग पॉट नीट द्याल."

तिनं मला कधीच ब्रदर म्हटलं नाही. पेशंटसमोर मामा, नातेवाइकांसमोर मामा. तिचं बघून आयाबाई पण म्हणायला लागल्या. तिच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं हे मला महिन्याभरात कळलं. सतराव्या वर्षापासून बघून बघून शिकली होती. तेव्हापासून तर माझा राग दुप्पट झाला. माझ्याकडे कागद, आणि पॉट मी देणार?

पहिल्याच महिन्यात रात्रपाळीच्या मुलीनं ओव्हर देताना एक इंजेक्शन सांगायचं सोडलं, आणि ते माझ्याकडून चुकलं. सिस्टरनं मला वॉर्डाच्या मधोमध उभं केलं.

"मामा, ओव्हर घेतली होती ना?"

"घेतली होती. पण तिनं सांगितलंच नाही."

"घेतली म्हणजे तुमची. नाही सांगितलं तर विचारायचं. तोंड दिलंय ना?"

बारा बेडवरून बारा जण बघत होते. ते वाक्य मी जपून ठेवलं. घेतली म्हणजे तुमची.

मग एक दिवस मेव्हणा त्याच्या मित्राला बघायला आमच्याच वॉर्डात आला. मी सलाइन लावत होतो. माझा पांढरा ड्रेस, हातातली सुई, पेशंट माझ्याकडे कसा बघतोय, हे सगळं त्याला दिसत होतं. माझी मान आपोआप ताठ झाली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ मामा, ते मागनं करा, आधी बाथरूमपाशी उलटी पडलीय ती बघा." मावशी त्या दिवशी आली नव्हती, हे खरं. पण तिनं ते मलाच सांगितलं, आणि मी गेलो. परत आलो तेव्हा मेव्हणा खाली बघत होता. संध्याकाळी तो घरी आला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट झालं. त्याने चेष्टा केली नाही. बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, दाजी तिथं नक्की कसल्या पोस्टवर आहेत गं?"

त्यानंतरचे तीन महिने मी तिच्या चुका शोधत होतो. जेवताना, चालताना, अंघोळ करताना मनात तिला डॉक्टरांसमोर उभी करायचो आणि तिला रडवायचो. प्रत्येक वेळी नव्या तऱ्हेनं. पण ती चुकायचीच नाही. एकच गोष्ट हाती लागली. फोनची वही आम्ही इंग्रजीत लिहायचो, आणि ती स्वतः कधी ती वाचायची नाही. "मामा, चष्मा नाहीये माझ्याकडे, वाचून दाखवा," म्हणायची. तिला चष्मा लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी ताडलं, हिला इंग्रजी येत नाही. म्हणजे मी जे सांगणार नाही ते हिला कळणार नाही.

आणि त्या दुपारी फोन आला.

चार नंबरला एक म्हातारे सिंधी बाबा होते, घरी पापड लाटून विकणारे. हर्नियानं बेजार. फार गोड माणूस. मला ते पहिल्या दिवसापासून पुट म्हणायचे, म्हणजे बेटा. मी सिस्टरला ओव्हर दिली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. चार नंबरपाशी आल्यावर म्हणालो, "बाबा ठीक. सकाळचं सगळं दिलंय." ती म्हणाली, "ऑपरेशन उद्याच ना?" तिनं विचारलं. तिनं शिकवल्याप्रमाणे तिनं तोंड उघडून विचारलं. मी हो म्हणून मान हलवली आणि पाच नंबरकडे वळलो.

खाली उतरताना जिन्यात बाबांची सून भेटली. हातात डबा. कढी-चावलचा वास पूर्ण जिन्यात भरला होता. "भैया, बाबा जाग रहे हैं ना?" तिनं विचारलं. मी भिंतीला टेकून तिला वाट दिली. आणि म्हणालो, "हाँ हाँ, जाग रहे हैं."

परत वर जायला मला सहा पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. अजून मला तो आकडा आठवतो.

संध्याकाळी सर्जन आले, भूलतज्ज्ञ आले, आणि बाबांनी अडीचला पोटभर जेवण केलंय हे कळलं. ऑपरेशन रद्द झालं. दुसऱ्या दिवशी सर्जनला वेळ नव्हता. म्हाताऱ्याला आणखी दोन दिवस पोट धरून पडावं लागलं.

सकाळी हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. फोनची वही उघडी होती. माझं अक्षर, माझी सही, एक चाळीस.

"सर, मला ओव्हरमध्ये हे सांगितलंच नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आपने बताया था?"

"बताया था सर."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. रागानं नाही, तिला खरंच कळत नव्हतं. "मामा, मी विचारलं ना तुम्हाला? ऑपरेशन उद्याच ना, म्हणून?"

मी इतके महिने जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "ओव्हर घेतली म्हणजे तुमची, सिस्टर. तुम्हीच शिकवलंय."

डॉक्टर म्हणाले, "सर्टिफिकेट तो है नहीं. कम से कम कान तो खुले रखो." मी मनात तिला इतक्या वेळा रडवलं होतं, पण तिथं ती रडली नाही. त्याच आठवड्यात तिला काढलं. जाताना तिनं कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "सहा नंबरच्या आजींना गोळी कुटून द्या. अख्खी गिळत नाहीत त्या." शेवटच्या दिवशीही ती ओव्हर देऊन गेली.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फार बरं वाटलं. मी इनचार्ज झालो. येताना अंबरनाथ स्टेशनबाहेरून जिलेबी घेतली. मेव्हण्याला मुद्दाम बोलावलं. वॉर्डात सगळे मला ब्रदर म्हणायला लागले, मावशीसुद्धा. महिनाभर मी तो शब्द दिवसभर कानावर घेत होतो आणि रोज आणखी हवा वाटत होता.

बाबा मात्र गोंधळ करून गेले. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "वो सिस्टर कहाँ है?" मी सांगितलं, गेली. "मेरी वजह से ना? मुझे पूछना चाहिए था पुट. भूख लगी, खा लिया. मैंने डॉक्टर को बोला, गलती मेरी है, उसको मत निकालो. सुना नहीं." मी त्यांची पट्टी बघत राहिलो.

दर रविवारी आम्ही विहारात जातो. पंचशील सगळे मिळून म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून म्हणतोय, कधी त्याचा अर्थ तोंडात अडकला नव्हता. एकदा परतताना बायको म्हणाली, "अहो, तिसऱ्यापर्यंत तुमचा आवाज सगळ्यात मोठा असतो. चौथ्याला कुठं जातो?" मी म्हणालो, घसा बसतो. ती म्हणाली, "आणि पाचव्याला परत उठतो?"

असं दोन वर्षं चाललं. सिस्टर कुठं आहे हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. मावशीनंच सांगितलं होतं, बदलापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करते म्हणून. अंबरनाथच्या पुढचं स्टेशन. मी तिकडे कधी गेलो नाही.

मग एक दिवस कॅम्प पाचच्या बाजारात बाबा दिसले. हात धरून मला घरी नेलं. वाळत घातलेल्या पापडांमधून वाट काढत आत गेले आणि एक पुडकं घेऊन आले. "पुट, वो सिस्टर मिलती है कभी? ये उसको देना. बोलना, बूढ़े को माफ कर दे. दो साल से मेरे दिल पर है."

मी पुडकं घेतलं. ते घरी नेऊन फळीवर ठेवलं. चार दिवस ते तिथंच होतं. बायकोने विचारलं, "तळू का?" मी ओरडलो, "हात लावू नको त्याला!" मग मी तिला सगळं सांगितलं, जिन्यातल्या वासासकट. तिनं धागे कापायची कात्री बाजूला ठेवली. म्हणाली, "त्या जिलेबीतली दोन कडी मी पण खाल्ली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात जाऊन सुट्टी टाकली आणि बदलापूरला गेलो. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकावर चार पेशंट. ती दारात उभी राहून चिठ्ठी वाचत होती, डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर, भराभर, मोठ्यानं, पेशंटला गोळ्या समजावत. नाकावर चष्मा होता. म्हणजे तिला खरंच चष्मा लागत होता. तेव्हा तिच्याकडे तो नव्हता, एवढंच.

"अरे, मामा!" ती म्हणाली. "तुम्ही इकडं कुठं? बसा, एवढं ड्रेसिंग करते."

त्या शब्दापायी मी काय काय केलं होतं. आता तो कानावर पडून पुढे निघून गेला.

मी बसलो नाही. पेशंट आत-बाहेर करत होते, ते सगळे गेले तेव्हा एक वाजत आला होता. मी पुडकं टेबलावर ठेवलं. म्हणालो, "चार नंबरच्या बाबांनी पाठवलंय. त्यांनी तुमची माफी मागितलीय. पण त्यांची चूक नव्हती."

ती हात पुसत थांबली.

बेडपाशी उभं राहतो तसे माझे हात मागे गेले. दुसरं कसं बोलायचं ते मला सुचेना.

"सिस्टर, बेड नंबर चार. हर्निया. सर्जनचा फोन आला होता, एक चाळीसला. ऑपरेशन उद्या नाही, आज साडेसहाला. पाणीसुद्धा द्यायचं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, तरी सांगितलं नाही. डबा वर जाताना बघितला आणि अडवला नाही. केबिनमध्ये खोटं बोललो. आपल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना हे आज सकाळी लिहून दिलंय. तुम्ही काही चुकला नव्हता. माझी चूक आहे, सगळी. मला माफ करा."