नलूताईंचे चार दिवस

पन्नाशीच्या आसपासच्या चार-पाच बायका एका स्टाफरूममध्ये बसल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. त्यामुळे शरीराची प्रत्येक तक्रार आधी माझ्या टेबलावर येते, मग डॉक्टरकडे जाते.

*

इंग्लिशच्या देशमुख मॅडमना ऐन डिसेंबरात घाम फुटतो. त्या आल्या की पंखा फुल. एकदा फिजिक्सचे सर मफलर गुंडाळत म्हणाले, "मॅडम, थंडी वाजून राहिली. पंखा बंद करा ना."

"सर, तुमी अजून एक स्वेटर घालू शकता," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मले अजून काही काढता येत नाही."

सर तेव्हापासून लायब्ररीत बसतात.

*

हे असं काहून होते, असं सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मेंदूच्या बुडाशी एक इवलासा भाग असतो. तो ठेक्यात थोडंथोडं हार्मोन सोडतो आणि पिट्युटरीमार्फत खाली अंडाशयांना हाक मारतो. वय झालं की ठेका बिघडतो. तिकडे अंडाशयंही ओ देईनाशी होतात, म्हणून वरून आणखी जोरात हाका सुरू होतात. या गोंधळात शेजारचा, अंगाचं तापमान सांभाळणारा भाग बिथरतो आणि आपल्याला गरम वाफा येतात.

"म्हणजे आमच्या घरी नळ आल्यावर होते तसंच," मराठीच्या नलूताई म्हणाल्या. "मी ओरडून राहिली, अन् हे झोपूनच."

*

माझी स्वतःची पाळी लांबायला लागली तेव्हा नवऱ्याला मुद्दाम अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याच्या कानावर चार गोष्टी पडाव्यात, एवढाच हेतू. बाई म्हणाल्या, "यांची चिडचिड होईल, मनावर घेऊ नका. हार्मोन्समुळे आहे, काही वर्षांत कमी होईल."

आमच्या ह्यांनी मान डोलावली. "आताची कमी होईल, ते समजलं. लग्नापासूनची आहे, तिच्यासाठी काही गोळी?"

येताना मूर्तिजापूरला मी चहा सांगितला. एकच.

*

आता नलूताईंचं. जठारपेठेत एकत्र कुटुंब, सासू कडक. घरात अजून पाळीचे चार दिवस बाजूला बसतात, स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. आम्ही त्यावर तावातावाने बोलायचो. नलूताई वह्या तपासत बसायच्या. शेवटी एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माही तर कधीचीच गेली. घरी सांगितलं नाही."

"काहून?"

"कॉलेज करून दोन्ही वेळचा स्वयंपाक करते मी. महिन्यात तेवढेच चार दिवस पाठ टेकते. ते गेले तर मी मरून जाईन."

मला गलबलून आलं. हसूही आलं.

पण यंदा त्यांना लोभ सुटला. महालक्ष्म्यांच्या पुरणाला बाजूला बसल्या, आणि पितृपक्षात पाहुणे जेवायला येणार म्हटल्यावर पुन्हा बसल्या. जाऊ खवळली. "एका महिन्यात दोनदा? आई, तुमीच विचारा यायले."

नलूताईंचा मला फोन. "आता काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, या वयात मेंदूचा ठेका चुकतो, पाळी कधी लवकरही येते. सायन्स आहे."

त्यांनी ते पाठ केलं. सासूबाईंनी जावेला वड्यांचं पीठ भिजवायला पाठवलं, दार लोटलं आणि नलूताईंना समोर बसवलं. नलूताईंनी मेंदूपासून सुरुवात केली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या,

"मेंदूचं राहू दे. महिन्यातून एकच डाव बसत जाय. मी साठीपर्यंत बसली, कोणाले समजलं नाही."